टाइपचा रकाना

विंडोजमध्ये फोल्डर ‘डीटेल्स’ करून उघडलं की साधारण चार रकाने दिसतात. नाव, तारीख, टाइप, साइझ. नाव सगळेच बघतात. तारीख बघतो तो, ज्याला कालचं काम आज हवंय. साइझ आठवते ती मेल जात नाही तेव्हा. टाइपच्या रकान्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. बरेच जण तर तो ओढून इतका अरुंद करून ठेवतात की त्यात ‘मायक्रो’ एवढंच दिसतं आणि पुढे तीन टिंबं. माझ्या मते डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करायचं काम करणाऱ्याने सगळ्यात आधी आपल्या हाताखाली आणावा असा रकाना तोच.

माझं काम ठाण्यात, नौपाड्यात. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणपती-नवरात्रात मंडळांचे फ्लेक्स. मांडणी आम्ही करतो, छपाई वागळे इस्टेटमधल्या प्रेसकडे जाते. पत्रिका ही दिसायला एक पान, पण तिच्या फोल्डरात काय काय जमतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. कोरल, म्हणजे कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्रॅमची सीडीआर फाइल. गिऱ्हाइकाने वहीच्या पानावर लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मजकुराचा फोटो. कुलदेवतेचं चित्र, तेही तीन वेगवेगळ्या काकांनी पाठवलेलं. प्रूफ. दुसरं प्रूफ, कारण आत्याचं नाव ‘आशीर्वाद’मधून ‘आपले विनीत’मध्ये आलं. प्रेसला जाणारी पीडीएफ. पाकिटांवर नावं छापायची असतील तर एक्सेलची यादी. आणि या सगळ्यात कोरल स्वतःहून करून ठेवतं त्या ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाच्या प्रती.

आता हे फोल्डर टाइपप्रमाणे लावा. वर येतं ‘ॲडोबी ॲक्रोबॅट डॉक्युमेंट’. मग ‘कोरलड्रॉ’ आणि पुढे त्याच्या व्हर्जनचा आकडा. मग ‘जेपीजी फाइल’. मग ‘मायक्रोसॉफ्ट’ या शब्दाने सुरू होणारी पलटण: वर्डचं डॉक्युमेंट, एक्सेलची वर्कशीट, आणि जुन्या पद्धतीची एक्सेल असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल ९७-२००३ वर्कशीट’ अशी तिची वेगळी चूल. म्हणजे रांग लागली ती कंपन्यांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवर. काम कोणाचं, कशासाठी, कुठवर आलं, यातलं काहीही त्या रांगेत नाही.

ठाण्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला इंडिकेटरवर ‘के’ दिसला की कल्याण, ‘एन’ दिसला की कसारा, ‘एस’ म्हणजे कर्जत. गाडी कुठे जाणार ते तिथे लिहिलेलं असतं. डबे कुठल्या कारखान्यात झाले ते लिहून कोणाचा काय फायदा? विंडोजने टाइपच्या रकान्यात नेमकं कारखान्याचं नाव लावलंय.

बरं, ते नावही कायमचं नाही. आमच्याकडे एका सकाळी सगळ्या पीडीएफ वरून उठून खाली, जेपीजी आणि एक्सेलच्या मधे जाऊन बसल्या होत्या. कोणी हात लावला नव्हता. झालं होतं इतकंच की पीडीएफ उघडण्याचं काम ॲक्रोबॅटकडून ब्राउझरकडे गेलं होतं, आणि त्यामुळे रकान्यात ‘ॲडोबी’ऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट एज पीडीएफ डॉक्युमेंट’ आलं होतं. फायलीतला एक टिंबसुद्धा बदलला नाही, तिचं नाव तेच, शेवटची तीन अक्षरं तीच, तरी रांगेतली जागा बदलली. याचं कारण असं की विंडोज टाइपप्रमाणे लावताना एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, बघतच नाही, रकान्यात जो मजकूर दिसतो तो बघतं. हा मजकूर येतो रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंगांच्या नोंदी ठेवतं त्या वहीतून. तिथे ‘डॉट पीडीएफ’ची नोंद फक्त एवढंच सांगते की सध्या माझा मालक अमुक. मग त्या मालकाच्या नोंदीत जाऊन विंडोज लेबल वाचतं. मालक बदलला की लेबल बदललं. (ज्यांना खरोखर एक्स्टेन्शनप्रमाणेच रांग हवी त्यांनी रकान्यांच्या डोक्यावर राइट क्लिक करून ‘मोअर’मध्ये जावं. तिथे ‘फाइल एक्स्टेन्शन’ नावाचा वेगळा रकाना मिळतो. तो लपवून का ठेवलाय हे विचारू नये.)

या तीन अक्षरांची गोष्ट जुनी आहे. सत्तरच्या दशकातल्या सीपी/एम या प्रणालीपासून फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबापुढे तीन, ही पद्धत आली. आयबीएमच्या पीसीसोबत १९८१ साली डॉस आलं, त्यानेही तीच घेतली. आठ अक्षरांत ‘कुलकर्णी-जोशी शुभविवाह’ काय मावणार! पण टिंबापुढची तीन अक्षरं निदान डोळ्यांसमोर असायची. ॲपलने १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये याला फाटा दिला. फाइलचा प्रकार नावात ठेवलाच नाही. प्रत्येक फाइलसोबत चार अक्षरांचे दोन कोड पडद्याआड ठेवले: एक प्रकाराचा, दुसरा ती कोणत्या प्रोग्रॅमने बनवली त्याचा. मला ही कल्पना अजूनही मानवते, कारण त्यात ‘ही काय आहे’ आणि ‘ही कोणाची आहे’ हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेले आहेत.

विंडोज ९५ने लांब नावं दिली, २५५ अक्षरांपर्यंत, आणि त्याच हाताने एक्स्टेन्शन झाकून टाकलं. सामान्य माणसाला कशाला ती तांत्रिक शेपटी, असा विचार असावा. मे २०००मध्ये त्या विचाराची किंमत जगाने मोजली. ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ अशी एक फाइल मेलने फिरली. शेवटचं व्हीबीएस झाकलेलं, म्हणून लोकांना दिसलं ते प्रेमपत्र, साधा मजकूर. उघडल्यावर आत प्रोग्रॅम, आणि तो पुढे आपल्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना तेच पत्र पाठवणारा.

हे चोवीस वर्षांनी थेट आमच्या धंद्यावर आलं. २०२४च्या लग्नसराईत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फायली फिरू लागल्या आणि पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं. एपीके म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवण्याची फाइल, पत्रिका कधीच नव्हे. तेव्हापासून आमची खरीखुरी पीडीएफ उघडायलाही लोक बिचकतात. वराचे मामा फोन करून विचारतात, ‘ताई, हे दाबलं तर पैसे जाणार नाहीत ना?’ मी प्रत्येकाला एकच सांगते: शेवटचं टिंब शोधा आणि त्याच्यापुढे काय आहे ते वाचा. पीडीएफ किंवा जेपीजी असेल तर आमची. आधी मधे कितीही ‘पत्रिका’ लिहिलेलं असो, शेवटचं टिंब महत्त्वाचं. आणि हे वाचता यावं म्हणून संगणकावरची ‘हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ ही टिक काढलीच पाहिजे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केलं तरी तेच होतं. लेबलं बिबलं सगळं त्याच्यानंतर.

कारण लेबल ही वरची पट्टी आहे आणि एक्स्टेन्शनसुद्धा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींचा यावर विश्वास बसत नाही. ‘ओपन फाइल’, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, पाठवा म्हटलं की एखादा मंडळाचा कार्यकर्ता फ्लेक्सचा फोटो घेतो, जेपीजी खोडून सीडीआर लिहितो आणि पाठवतो. ‘मॅडम, कोरलची फाइल दिलीय.’ रकान्यात तीही ‘कोरलड्रॉ’ म्हणूनच मिरवते, उघडताना मात्र कोरल हात वर करतं. फाइलची खरी ओळख तिच्या सुरुवातीच्या काही बाइट्समध्ये असते. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी होते. झिप फाइलची सुरुवात ‘पीके’ने, तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. वर्डची डॉकएक्स आतून झिपच असते. कोरलची एक्स-फोर व्हर्जनपासूनची सीडीआरसुद्धा. म्हणजे इतकी वर्षं मी जी ‘कोरल’ म्हणून सेव्ह करत आले तिच्या पोटात पहिली दोन अक्षरं कॅट्झसाहेबांची! लिनक्सवर ‘फाइल’ नावाची आज्ञा आहे, ती हेच करते. नाव न बघता आत डोकावून सांगते की हे काय आहे. विंडोजच्या रकान्याला हा सोस नाही, तो बाहेरच्या पाटीवर खूश.

लेबल बदलता येतं हे मला माहीत होतं ते एक्सपीच्या काळापासून. तेव्हा ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘फाइल टाइप्स’ म्हणून एक टॅब असायचा. यादीतलं एक्स्टेन्शन निवडा, ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, नाव बदला, हवं तर चित्रही बदला. इतकं सरळ. व्हिस्टा आलं आणि तो टॅबच गेला. काढून टाकण्यासारखं त्यात काय होतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

माझा भाचा ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. रविवारी जेवायला आला की त्याला मी एखादं काम काढून ठेवलेलंच असतं.

‘मावशी, एक्स्टेन्शनला हात लावू नकोस,’ तो म्हणाला. ‘डॉट सीडीआर कोण उघडणार हे आता विंडोज कुलूप लावून ठेवतं. तू मालकाच्या नोंदीत जा आणि तिथलं नाव बदल.’

‘आणि उद्या अपडेट आलं की?’

‘म्हणून सगळ्या मशीनच्या नोंदीत नाही बदलायचं. तुझ्या युजरच्या नोंदीत लिहायचं. दोन्हीकडे असलं तर तुझं चालतं.’

युजरच्या नोंदी ‘एचकी करंट युजर’खाली ‘सॉफ्टवेअर’, त्याच्याखाली ‘क्लासेस’ अशा ठिकाणी असतात. मालकाच्या नोंदीत ‘फ्रेंडली टाइप नेम’ नावाची ओळ असेल तर रकान्यात तीच दिसते, नसेल तर त्या नोंदीतल्या ‘डिफॉल्ट’ ओळीत लिहिलेलं नाव दिसतं. आधी ती पूर्ण नोंद ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवायची, मग हात घालायचा. ज्यांना रजिस्ट्रीचं नाव काढल्यावर घाम फुटतो त्यांच्यासाठी निरसॉफ्टचा ‘फाइलटाइप्समॅन’ नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. तो जुना टॅबच जणू परत आणतो, आणि वर जास्त काही देतो.

खरं काम मात्र नंतर होतं, आणि ते रजिस्ट्रीत नव्हतं. नावं काय द्यायची? मला आधी वाटलं, मराठीत तरजुमा करून टाकू, ‘चित्र’, ‘तक्ता’, ‘दस्त’. भाच्याने लगेच मोडता घातला. ‘मग पुन्हा रांग अक्षरांवरच लागणार ना? तुला पहिलं काय दिसायला हवं ते सांग.’ हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. पहिलं काय दिसायला हवं? ज्या फाइलवर काम चाललंय ती. मग प्रेसला गेलेली किंवा जाणारी. मग प्रूफ. मग गिऱ्हाइकाकडून आलेलं सामान. शेवटी याद्या. म्हणून प्रत्येक लेबलाआधी आकडा घातला. आकडे अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे आमची नावं वर राहतात आणि उरलेल्या कंपन्या आपापल्या इंग्रजी अक्षरांसह खाली. सीडीआर झाली ‘१ कामाची’, पीडीएफ ‘२ प्रेसला’, आणि असंच पुढे. एक्सेलच्या नव्या वर्कशीटला, जुन्या वर्कशीटला आणि सीएसव्हीला एकच लेबल दिलं, ‘५ याद्या’. त्यासरशी तीन चुली एक झाल्या. हे मला सगळ्यात आवडलं. एक्स्टेन्शन वेगळं असलं तरी लेबल एकच देता येतं, आणि विंडोज मुकाट्याने त्यांना शेजारी बसवतं. आयफोनवाल्यांची एचईआयसी आणि बाकीच्यांची जेपीजी अशीच ‘४ गिऱ्हाइकाकडून’ या एका नावाखाली आली.

अडलं ते प्रूफावर. प्रूफही आम्ही जेपीजीच पाठवायचो. म्हणजे आमचं प्रूफ आणि त्यांच्या काकांचा गणपती एकाच टाइपात. इथे लेबल काही करू शकत नाही, कारण एका एक्स्टेन्शनला एकच लेबल. शेवटी सवय बदलली. प्रूफ पीएनजीत काढायचं, जेपीजीत नाही. व्हॉट्सॲप त्याचं पुढे काय करायचं ते करो, माझ्या फोल्डरात ते पीएनजीच राहतं आणि ‘३ प्रूफ’ म्हणून वेगळं पडतं. यात दुसरा फायदा निघाला. जेपीजीत अक्षरांच्या कडेला जो धुरकट मळ येतो, विशेषतः बारीक वेलांटी आणि रफाराभोवती, तो पीएनजीत येत नाही. प्रूफात चुका दिसायच्या तर अक्षर स्वच्छ नको का? ‘बॅकअप ऑफ’वाल्या प्रती मात्र हट्टी. त्याही सीडीआरच, म्हणून ‘कामाची’ म्हणवून घेतात. त्यांची सोय कोरलच्याच ऑप्शन्समध्ये होती, बॅकअप वेगळ्या फोल्डरात टाकायला सांगून मोकळी झाले.

जुन्या हार्ड डिस्कवर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममधली कामं आहेत. पेजमेकरचं शेवटचं व्हर्जन, सातवं, २००१ साली आलं. नव्या मशीनवर ते नाही. आणि ज्या एक्स्टेन्शनला मालक नाही त्याला विंडोज त्याच्याच तीन अक्षरांपुढे ‘फाइल’ हा शब्द जोडून देतं. त्यामुळे माझे सगळे जुने दिवाळी अंक, स्मरणिका, एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पुस्तक, सगळ्यांवर लिहून आलं ‘पी६५ फाइल’. हे मला खटकलं, कबूल करते, त्यात कामाचं असं काही नव्हतं तरी. मालक नसलेल्या एक्स्टेन्शनलाही नोंद करून नाव देता येतं. मी दिलं, ‘६ पेजमेकर, श्रीलिपी’. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉण्टचं नाव अशासाठी की तो मजकूर युनिकोडात, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, नाही. फॉण्ट नसेल तर फाइल उघडूनही ‘सप्रेम नमस्कार’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. म्हणजे प्रोग्रॅम आणि फॉण्ट मिळून त्या फाइलचा प्रकार होतो, आणि हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. लेबलात मी घुसवलं, बस.

नावांच्या रकान्याची रांग हा वेगळा विषय, त्यात मी फार शिरत नाही. इतकंच सांगते की फायलींना मराठीत नावं देणार असाल तर ‘ॲ’ सांभाळा. हे अक्षर युनिकोडात स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधीपासून लोक ‘अ’वर चंद्र टाकून ते उमटवत आलेत, काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला दोन वेगळी अक्षरं दिसतात. वकिलांच्या घरचं लग्न असलं की ‘ॲड.’ने सुरू होणारी अर्धी नावं शोधात सापडत नाहीत आणि आपण फाइल हरवली म्हणून बसतो.

मुलाच्या लग्नाची पत्रिका करायला एक निवृत्त ग्रंथपाल बाई आल्या होत्या. माझ्या पडद्यावर ‘१ कामाची’, ‘२ प्रेसला’ बघून खुर्ची पुढे ओढून बसल्या. ‘अहो, हे तुम्ही रंगनाथनांसारखं केलंत की!’ मला रंगनाथन माहीत नव्हते. मग त्यांनी सांगितलं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन वर्गीकरण मांडलं. तोवर ड्युईच्या दशांश पद्धतीत, म्हणजे १८७६पासून, पुस्तकाला आधीच आखलेल्या यादीतला एक आकडा शोधून द्यायचा, असं चालायचं. रंगनाथन म्हणाले, पुस्तकाचे पैलू सुटे करा: कशाबद्दल, कुठलं, कोणत्या काळातलं, त्यात काय घडतंय. आणि ते चिन्हांनी जोडून पुस्तकाचा क्रमांक बांधा. ‘पण शेवटी पुस्तक एकाच कपाटात ठेवावं लागायचं,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचं बरं आहे. डोक्यावर क्लिक केलं की कपाट बदलतं.’

ते खरं आहे. पण पैलू अजूनही मलाच लिहावे लागतात, आणि टाइपच्या रकान्यात एकाच पैलूची जागा आहे. मी त्यात ‘कशासाठी’ घातलं. बिलं बघणाऱ्याने ‘कोणाचं’ घातलं असतं. गिऱ्हाइकाने स्वतःच पीडीएफ लोगो पाठवला की माझं ‘२ प्रेसला’ खोटं ठरतं आणि तो लोगो प्रेसला जाणाऱ्या फायलींत जाऊन बसतो. त्यावर उपाय आहे, येणाऱ्या सामानाचं वेगळं फोल्डर, पण लग्नसराईत कोण करतंय? महिन्यातून एखाद वेळी होतं तेवढं चालवून घेते.

माझ्याकडे काम शिकायला आलेल्या मुलीला ही नावं पहिल्या दिवसापासून पाठ आहेत. मी तिला एक्स्टेन्शनंही पाठ करायला लावली आहेत, कारण दुसऱ्या कुठल्याही संगणकावर माझी लेबलं नसणार आणि प्रेसवाला ‘कामाची पाठवा’ म्हटल्यावर ओळखणार नाही. त्याला ‘सीडीआर, कर्व्ह करून, व्हर्जन डाऊन’ असंच लागतं, म्हणजे अक्षरांचे आकार करून आणि जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून. सध्या आमचा वाद चालू आहे तो वेबपीवर. गूगलने २०१०मध्ये आणलेला हा चित्रांचा प्रकार. लोक नेटवरून गणपती उतरवून पाठवतात आणि निम्म्या वेळा तो वेबपीच निघतो, जो आमचं जुनं कोरल घेत नाही. मी म्हणते तो ‘४ गिऱ्हाइकाकडून’मध्येच जावा. तिचं म्हणणं, त्याला वेगळा आकडा हवा आणि तो सगळ्यांच्या वर हवा, शून्य, कारण तो दिसला की बाकी सगळं थांबवून आधी त्याची जेपीजी करून घ्यावी लागते. नाव तिने सुचवलंय ‘० आधी हे’. मला वाटतं तिचंच बरोबर आहे. या रविवारी भाचा आला की घालून घेते.